करार, संघ आणि संमती : नागपूर कराराच्या भाषेचे परीक्षण

राज्याच्या स्थापनेशी निगडित असलेले मूळ लेख आपल्याकडे बहुधा राज्यशास्त्राच्या किंवा इतिहासाच्या अभ्यासकाकडे सोपविले जातात. भाषेच्या अभ्यासकाने त्यांकडे वळावे असे त्यांत काही असेल, ही कल्पना सहसा केली जात नाही. वास्तविक ज्या लेखांतील एकेका शब्दासाठी सभागृहांत दिवस दिवस वाद झाले आणि एखादा शब्द गाळल्यामुळे पिढ्यांचे राजकारण बदलले, त्या लेखांइतकी शब्दनिष्ठ रचना ललित वाङ्मयातही क्वचितच आढळेल. २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेला नागपूर करार हा महाराष्ट्र राज्याच्या मूळ लेखांपैकी एक होय. तो पाळला गेला की मोडला गेला, या एकाच प्रश्नाभोवती त्याविषयीचे बहुतेक लेखन फिरत राहिले आहे. त्याच्या आधीचा प्रश्न असा की, हा लेख कोणत्या जातीचा आहे? त्याला ‘करार’ हे नाव कितपत शोभते? आणि त्यातील आश्वासने पुढे राज्यघटनेत शिरली तेव्हा त्यांच्या वाक्यरचनेचे काय झाले?

या प्रश्नाचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी एक गाव डोळ्यांपुढे ठेवणे सोयीचे होईल. भंडारा जिल्ह्यात, लाखांदूर तालुक्यात दिघोरी हे भाताच्या पट्ट्यातील गाव आहे. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५३ साली तिसऱ्या रघूजींच्या निधनानंतर कंपनी सरकारने खालसा केले. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला. पुढे त्याला वऱ्हाड जोडले गेले. २६ जानेवारी १९५० रोजी दिघोरी मध्यप्रदेश राज्यात होती, १ नोव्हेंबर १९५६ रोजी ती मुंबई राज्यात आली, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. गाव जागचे हलले नाही. साडेदहा वर्षांच्या आत त्याने तीन राज्ये मात्र पाहिली. या प्रत्येक स्थित्यंतराच्या मागे एक कायदेशीर लेख आहे, आणि दिघोरीच्या रहिवाशाचे स्थान त्या प्रत्येक लेखात व्याकरणदृष्ट्या कर्माचे आहे, कर्त्याचे नाही. नागपूर करार तेवढा याला अपवाद ठरावा अशी अपेक्षा होती. ती अपेक्षा ‘करार’ या शब्दानेच निर्माण केली.

मराठीच्या जुन्या दप्तरी भाषेत अशा लेखांची नावे नेमकी होती. दोन सत्तांमध्ये होतो तो ‘तह’. १८०३ साली दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी देवगावास इंग्रजांशी केला तो तह. सत्ताधीशाने रयतेला अभय देऊन काही कबूल केले म्हणजे ‘कौल’. वरून खाली दिलेला अधिकार वा उत्पन्न म्हणजे ‘सनद’. ‘करार’ हा मूळचा अरबी शब्द. स्थिरता, ठरणे, ठाव हा त्याचा मूलार्थ, आणि माणसाच्या स्वभावाला आपण ‘करारी’ म्हणतो त्यात तो अद्याप जिवंत आहे. करारात दोन्ही पक्ष समोरासमोर असतात, दोघांवरही बंधन येते, आणि मोडणाराकडे बोट दाखविता येते. सनद देणाऱ्यावर असे बंधन नसते. ती तो काढूनही घेऊ शकतो. हा भेद केवळ कोशातला नव्हे. १९५३ च्या लेखाला विदर्भातील माणूस करार समजून वाचत आला, आणि त्यातील आश्वासने १९५६ मध्ये ज्या घटनात्मक कलमाच्या रूपाने अवतरली ते कलम मात्र सनदेच्या भाषेत लिहिले गेले. पुढच्या सर्व वादाचे मूळ या विसंगतीत आहे.

राज्याचा मूळ लेख करार आहे की आणखी काही, हा वाद अमेरिकेत फार पूर्वी आणि फार कडवेपणाने झाला. १७८७ साली फिलाडेल्फियाच्या परिषदेत तपशील समितीने तयार केलेल्या मसुद्याचा प्रारंभ ‘आम्ही लोक’ असाच होता. परंतु त्यापुढे न्यू हॅम्पशायरपासून जॉर्जियापर्यंत राज्यांची नामावळी होती. शैली समितीने, म्हणजे प्रामुख्याने गव्हर्नर मॉरिस याने, ती नामावळी काढून टाकली आणि ‘संयुक्त संस्थानांचे आम्ही लोक’ असा पाठ सिद्ध केला. यामागे व्यावहारिक अडचणही होती: नऊ राज्यांनी मान्यता दिली की घटना त्या नऊ राज्यांपुरती अमलात येणार होती, आणि ती नऊ कोणती हे आधी सांगणे शक्य नव्हते. तथापि, अडचणीतून निघालेल्या या पाठाने कर्ता बदलला. पॅट्रिक हेन्री याने १७८८ मध्ये व्हर्जिनियाच्या परिषदेत नेमका हाच आक्षेप घेतला: ‘आम्ही राज्ये’ म्हणण्याऐवजी ‘आम्ही लोक’ म्हणण्याचा अधिकार यांना कोणी दिला? कर्ता राज्ये असतील तर लेख करार ठरतो. कर्ता लोक असतील तर ती घटना होते. याच सुमारास दुसऱ्या एका शब्दाचाही असाच निकाल लागला. जुन्या संघलेखात राज्यांनी ‘स्पष्टपणे’ दिलेलेच अधिकार केंद्राला होते. १७८९ साली दहाव्या दुरुस्तीत तो शब्द घालावा अशी सूचना आली, मॅडिसनने तिला विरोध केला, आणि तो गाळलेला शब्द १८१९ मध्ये सरन्यायाधीश मार्शल यांच्या निर्णयाचा एक आधार झाला. कॅल्हूनच्या पक्षाने घटनेला करार म्हणावे आणि वेबस्टरने १८३३ साली ती करार नव्हे असे सिनेटमध्ये प्रतिपादावे, हा वाद अखेर यादवी युद्धापर्यंत गेला.

या देशाला मराठीत दीर्घकाळ ‘अमेरिकेची संयुक्त संस्थाने’ म्हटले गेले, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. औंध, सांगली, कोल्हापूर ही संस्थाने ज्याच्या डोळ्यांसमोर होती त्या वाचकाला ‘संस्थान’ म्हणजे राजा, गादी आणि इंग्रज सरकारशी झालेला तहनामा एवढे आठवणार. राजाविरुद्ध बंड करून उभ्या राहिलेल्या प्रजासत्ताकाच्या घटकांना हा शब्द लावणे विचित्रच होते. पण एका बाबतीत ते अजाणता अचूक ठरले. आपल्या घटना समितीसमोर राज्यांच्या सीमा बदलण्याविषयीचे कलम १९४८ च्या नोव्हेंबरात चर्चेस आले, तेव्हा मसुद्यात एक भेद करण्यात आला होता: प्रांतांच्या सीमा बदलताना त्यांच्या विधिमंडळाचे मत अजमावावे, संस्थानांच्या बाबतीत मात्र पूर्वसंमती घ्यावी. संमतीचा अधिकार ज्याच्यापाशी कराराचे बळ होते त्याच्याकडे. ज्याच्यापाशी ते नव्हते त्याला केवळ मत. अंतिम पाठात हा भेद मिटला. मिटला तो सर्वांना संमती देऊन नव्हे, सर्वांना मतावर आणून.

मत आणि संमती यांतील अंतर अमेरिकेच्या घटनेशी तुलना केली असता स्वच्छ दिसते. तेथे एखाद्या राज्याच्या भूमीतून नवे राज्य काढावयाचे तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती लागते. १८२० मध्ये मॅसॅच्युसेट्समधून मेन निघाले ते अशा संमतीने. १८६३ मध्ये पश्चिम व्हर्जिनिया निघाले तेव्हा मूळ व्हर्जिनिया तर संघातून फुटून निघालेले होते. म्हणून व्हीलिंग येथे संघनिष्ठांनी ‘पुनःस्थापित’ शासन उभे करून त्याच्या विधिमंडळाकडून संमती वदवून घेतली. हा उपचार हास्यास्पद वाटेल. परंतु युद्धाच्या ऐन धामधुमीतही घटनेतील एका शब्दाची पूर्तता करण्यासाठी एक विधिमंडळ शोधावे लागले, याचा अर्थ तो शब्द काहीतरी करीत होता.

आपल्या घटनेने ‘संघ’ हा शब्द निवडला तो पूर्ण विचारांती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी त्याचे स्पष्टीकरण केले होते: भारताचा संघ घटकांमधील करारातून उत्पन्न झालेला नाही, म्हणून कोणत्याही घटकाला त्यातून बाहेर पडण्याचा अधिकार नाही, अमेरिकेला हे सिद्ध करण्यासाठी यादवी युद्ध करावे लागले, तेव्हा आपण ते प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे. युक्तिवाद निर्दोष आहे. त्याची दुसरी बाजू मात्र तितकीशी बोलली गेली नाही. करार नाही म्हणून घटकाला फुटता येत नाही, हे जितके खरे तितकेच, करार नाही म्हणून घटकाला अखंड राहण्याचीही हमी नाही, हे खरे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६९ साली संघ आणि राज्ये या दोहोंनाही अविनाशी म्हटले. आपल्याकडे अविनाशित्व संघापाशी थांबते. मराठीने या ठिकाणी आणखी घोटाळा केला आहे. घटनेच्या पहिल्या अनुच्छेदात भारत हा ‘राज्यांचा संघ’ आहे, पण पाठ्यपुस्तकांत आणि वृत्तपत्रांत तोच ‘संघराज्य’ होतो, आणि अमेरिकाही ‘संघराज्य’च. डॉ. आंबेडकरांनी जे दोन शब्द जाणीवपूर्वक वेगळे केले ते आपण एकाच पदात पुन्हा कालवून टाकले.

याचा प्रत्यक्ष परिणाम १९५६ मध्ये दिसला. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात भंडाऱ्यासह आठ जिल्ह्यांचे स्वतंत्र विदर्भ राज्य सुचविले होते. पुढे जे विधेयक आले त्यात मुंबई शहर, महाराष्ट्र आणि गुजरात असे तीन घटक होते. राज्यांच्या विधिमंडळांनी मत दिले ते त्या विधेयकावर. संसदेने अखेरीस एकच विशाल द्विभाषिक राज्य निर्माण केले. ज्या रचनेवर मत विचारलेच नाही ती रचना कशी करता येईल, असा प्रश्न बाबुलाल पराते यांनी न्यायालयात उपस्थित केला. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली तो फेटाळला: मत अजमावले की अट पुरी झाली, संसद त्या मताने बांधली जात नाही, आणि विधेयकात पुढे बदल झाले म्हणून दर वेळी नव्याने विचारण्याचे कारण नाही. इतर देशांतील लोकशाहीचे सिद्धांत या शब्दांत वाचावयाचे नाहीत, असेही न्यायालयाने बजावले. शब्दार्थाच्या दृष्टीने निकाल बरोबरच म्हणावा लागतो. ‘मत’ या शब्दाला ‘संमती’चे काम करायला लावणे शक्य नव्हते.

या पार्श्वभूमीवर नागपूर कराराकडे पाहिले पाहिजे. त्याच्याही आधी, ८ ऑगस्ट १९४७ रोजी, अकोला करार झाला होता. त्यात एका प्रांताच्या पोटी स्वतंत्र विधिमंडळे असलेले दोन उपप्रांत कल्पिले होते. घटना अद्याप घडत असताना झालेला तो करार, घटनेत अशा रचनेला जागा मिळेल या आशेवर उभा होता. नागपूर करारापाशी ही आशाही नव्हती. घटना अमलात येऊन पावणेचार वर्षे होत आली होती. तरीही भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर, रा. कृ. पाटील, शेषराव वानखेडे, देवीसिंह चौहान प्रभृतींनी स्वाक्षऱ्या केल्या त्या अशा लेखावर की, ज्याची भाषा स्थापनेची आहे. राज्याचे नाव काय असेल, राजधानी कोणती असेल, राज्यकारभारासाठी आणि विकासासाठी महाविदर्भ, मराठवाडा व उर्वरित राज्य असे तीन घटक राहतील, उच्च न्यायालयाचे दुसरे पीठ नागपुरास असेल, निधी आणि सेवांतील प्रवेश लोकसंख्येच्या प्रमाणात होईल, शासन ठरावीक काळासाठी नागपुरास जाईल व विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन तेथे भरेल. प्रत्येक विषयाला स्वतःचे वाक्य आहे, आणि प्रत्येक वाक्याला स्वतःचे आख्यात आहे.

मात्र स्वाक्षरी करणाऱ्यांना त्यांच्या त्यांच्या विभागाच्या विधिमंडळाने अधिकार दिलेला नव्हता, आणि नंतरही हा लेख कोणत्या सभेपुढे अनुसमर्थनासाठी गेला नाही. फिलाडेल्फियाचे प्रतिनिधीही अधिकार ओलांडूनच वागले होते. पण त्यांनी आपला लेख प्रत्येक राज्यात निवडलेल्या परिषदेपुढे नेला, आणि र्‍होड आयलंडने १७९० पर्यंत त्यांना ताटकळत ठेवले. नागपूर कराराला अशी कसोटी लागली नाही. दुसरेही एक वैगुण्य आहे, आणि कराराचे अभिमानी त्याकडे काणाडोळा करतात. निधीविषयीच्या वाक्याच्या आरंभीच, एकाच शासनाच्या गरजांच्या अधीन राहून, या आशयाचे बंधन घातलेले आहे. म्हणजे पळवाट बाहेरून आली नाही, ती मूळ पाठातच होती. लोकसंख्येचे प्रमाण ही मोजता येणारी गोष्ट. शासनाच्या गरजा किती हे मोजणारा शासनाखेरीज दुसरा कोणी नाही.

पुढच्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली आणि ते पराभूत झाले. संघ करारावर उभा नाही असे ज्यांनी घटना समितीत सांगितले तेच, करारात एक घटक म्हणून नमूद झालेल्या प्रदेशात मते मागत होते. १९५५ मध्ये भाषावार राज्यांविषयी लिहिताना त्यांनी मराठी प्रदेशाचे चार भाग सुचविले, त्यांत पूर्वेकडचा एक होता. करारावर न विसंबता वेगळे राज्यच मागणे हे त्यांच्या संघविषयक मताशी सुसंगतच आहे.

१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ मध्ये, आणि १९६० नंतर त्याच्या दुसऱ्या खंडात महाराष्ट्राच्या नावाने, कराराचा आशय आला असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. आशय आला हे खरे. पण वाक्य आले नाही. करारात ‘निधीचे वाटप’ हा वाक्याचा कर्ता होता. अनुच्छेदात कर्ता राष्ट्रपती आहे. राष्ट्रपतीस आदेशाद्वारे तरतूद करता येईल. कशाची, तर राज्यपालाच्या विशेष जबाबदारीची. कशाविषयीच्या जबाबदारीची, तर विकास मंडळांच्या स्थापनेविषयीच्या, निधीच्या समन्याय्य वाटपाविषयीच्या, तांत्रिक शिक्षण व नोकऱ्यांच्या संधी यांविषयीच्या. वाटप क्रियापदाच्या जागेवरून उतरले आणि तिसऱ्या पायरीवरचे धातुसाधित नाम झाले. यास्काने आख्यातात भाव प्रधान आणि नामात सत्त्व प्रधान मानले. म्हणजे जेथे काहीतरी घडावयाचे होते तेथे आता एक वस्तू उरली. ‘लोकसंख्येच्या प्रमाणात’ याऐवजी ‘समन्याय्य’ हे विशेषण आले, आणि संपूर्ण राज्याच्या गरजांचे बंधन तेवढे कायम राहिले. आपल्या शालेय व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर, करारातील घटक संयुक्त वाक्यातल्यासारखे समान दर्जाने जोडलेले होते. अनुच्छेदात एका प्रधान क्रियापदाच्या अंकित झाले. ‘संयुक्त महाराष्ट्र’ या घोषणेतील विशेषण ज्यांनी मनापासून उच्चारले त्यांना हा फरक कोणी समजावून सांगितला नाही.

या साऱ्या रचनेत निश्चयार्थी क्रियापद एकाच गोष्टीला मिळाले आहे, हे विशेष लक्षणीय होय. विकास मंडळांच्या कार्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवला जाईल, असे तेथे म्हटले आहे. निधी मिळण्याची शक्यता आहे, मंडळ स्थापन होण्याची शक्यता आहे. अहवाल मात्र ठेवला जाईल.

‘करता येईल’ या रचनेत न करण्याची मुभा अंतर्भूत असते. राष्ट्रपतींचा आदेश निघाला तो ९ मार्च १९९४ रोजी, म्हणजे कलम अमलात आल्यावर सदतीस वर्षांहून अधिक काळाने. आणि जी मंडळे स्थापन झाली त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. दरम्यान त्यांना बराच काळ ‘वैधानिक’ हे विशेषण चिकटलेले होते. मंडळांचा उगम घटनेत असताना त्यांना साध्या कायद्यातून निघाल्यासारखे नाव पडावे, हाही शब्दांच्या बाबतीतील हलगर्जीपणाच. याउलट कराराची जी वाक्ये स्थळाशी बांधलेली होती ती बव्हंशी टिकली. नागपूरचे खंडपीठ आहे. १९६० पासून अधिवेशन नागपुरास भरत आले आहे, आणि २०२० व २०२१ साली ते तेथे भरले नाही तेव्हा त्याची चर्चा लगेच झाली. स्थळवाचक आश्वासन मोडले तर सर्वांना दिसते. प्रमाणवाचक आश्वासन मोडले आहे की नाही हे ठरविण्यासाठी समिती नेमावी लागते.

अशी समिती १९८३ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमली गेली. तिचा अहवाल १९८४ साली आला. तिने मोजमापासाठी करारातील तीन घटक न घेता जिल्हा हा घटक घेतला, आणि राज्याच्या सरासरीच्या मागे जो जितका राहिला तितकी त्याची तूट धरली. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही पद्धत अधिक न्याय्य असेल; कराराच्या दृष्टीने तिने पक्षच नाहीसे केले. या तुटीसाठी जो शब्द रूढ झाला तो ‘अनुशेष’. मराठीत यासाठी ‘थकबाकी’ हा घरगुती, दुकानदारालाही ठाऊक असलेला शब्द होता. थकबाकी म्हटले की थकविणारा कोण हे ओघानेच विचारले जाते. तिला ऋणको असतो, धनको असतो, तारीख असते. शेष हा मात्र भागाकारानंतर आपोआप उरतो. त्याला ‘अनु’ हा उपसर्ग लावल्याने तो आणखी मागे सरकला. दिघोरीच्या शेतकऱ्याच्या वाट्याला सिंचनाचा अनुशेष आला असे वाक्य मराठीत सहज लिहिले जाते, आणि त्यात कोणीही कर्ता नसतो; ‘थकबाकी’ हा शब्द तेथे घातला, तर ती कोणाकडे आहे हे लिहिल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही.